ब्रह्मदेश: आधी फौज, मग देश

मंडळी, ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला दोनच माणसं आठवतात. मंडालेच्या तुरुंगातले टिळक आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, रत्नागिरीत कैदेत राहिलेला थिबा. पत्रिकेवर विषय छापलाय ‘महायुद्ध आणि ब्रह्मदेशाचं स्वातंत्र्य’. त्याकडे येतोच, पण थिबाला वगळून मला पुढे जाववत नाही.

थिबा पॅलेस किती जणांनी पाहिलाय? वा, निम्मं सभागृह! आणि त्याच गावातली राजाची समाधी? दोन हात. हीच माझी जुनी तक्रार आहे. आपण वाडा बघतो, फोटो काढतो, आंबे घेऊन घरी येतो. राजा तिथे का आला होता, हे विचारतच नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांत त्याची राजधानी मंडाले घेतली. थिबा, राणी सुपायालत, मुली, सगळ्यांना बोटीवर चढवलं आणि मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण पाहतो तो वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि राजा गेला १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची सहाच वर्षं तो त्या वाड्यात राहिला. राणी पुढे मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत म्हातारी झाली. इंग्रजांची अदलाबदल बघा: दिल्लीचा बादशाह रंगूनला मरतो आणि मंडालेचा राजा कोकणात! २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर आले, तेव्हा कुठे आपल्या वर्तमानपत्रांना तिची आठवण झाली.

हे मी लांबवतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे इंग्रजांनी संस्थानिक राखले. ब्रह्मदेशाच्या मैदानी मुलखात मात्र सिंहासनच उखडून टाकलं आणि थेट कलेक्टरी कारभार बसवला. डोंगरातल्या शान, काचिन, चिन लोकांचे सरदार तेवढे जागेवर ठेवले. फौजेतही करेन, काचिन, चिन घेतले, बहुसंख्य बर्मी लोकांना जवळजवळ बाहेरच ठेवलं. बर्मी तरुणाला ना राजा उरला, ना हातात बंदूक.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली आहेत. बरं, आता भरभर सांगतो.

ती बंदूक जपानने दिली. स्वातंत्र्यासाठी धडपडणारा तरुण बर्मी नेता आंग सान आणि त्याच्या साथीदारांना, म्हणजे प्रसिद्ध ‘तीस साथीं’ना, हैनान बेटावर लष्करी शिक्षण मिळालं. डिसेंबर १९४१ मध्ये बँकॉकला बर्मा इंडिपेंडन्स आर्मी उभी राहिली आणि जपान्यांबरोबर देशात शिरली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. तिथे राहणारे लाखो भारतीय जंगलं तुडवत मणिपूर, आसाम, चितगावकडे निघाले. हजारो वाटेतच मेले. करेन इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि इरावतीच्या मुखाकडच्या त्यांच्या गावांत याच नव्या फौजेने कत्तली केल्या. ही जखम लक्षात ठेवा.

१ ऑगस्ट १९४३ ला जपानने नावापुरतं स्वातंत्र्य दिलं. आंग सान युद्धमंत्री झाला, सेनापती ने विन. २७ मार्च १९४५ ला हीच फौज जपानवर उलटली. आजही तिथे तो दिवस सेनादिन म्हणून साजरा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतंत्र देशाची संसद, राज्यघटना, प्रशासन हे सगळं नंतर आलं. फौज आधी जन्मली. देश आपणच घडवला, ही तिची समजूत तिथली आहे.

आंग सान मोठा होता, कारण त्याने गणवेश उतरवला आणि वाटाघाटीला बसला. १२ फेब्रुवारी १९४७ ला शान मुलखातल्या पांगलाँग गावी शान, काचिन, चिन नेत्यांशी त्याने एका देशात एकत्र येण्याचा करार केला. करेन निरीक्षक म्हणून आले, सही केली नाही. १९ जुलैला मंत्रिमंडळाच्या बैठकीतच त्याला गोळ्या घातल्या, वय ३२. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला. १९४९ उजाडता उजाडता करेनांचं बंड पेटलं, करेन असलेले सरसेनापती स्मिथ डन दूर झाले आणि त्यांच्या जागी ने विन आला.

शान नेते राज्यांना जास्त अधिकार मागत होते. त्यावर रंगूनला चर्चा सुरू असतानाच, २ मार्च १९६२ च्या पहाटे, ने विनने सत्ता घेतली. पंतप्रधान ऊ नू यांना पकडलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, शान सरदार साओ श्वे थाइक, पांगलाँगच्या करारावर सही करणारे, त्यांनाही पकडलं. त्यांचा किशोरवयीन मुलगा त्या धाडीत गोळी लागून मेला. नोव्हेंबरात ते स्वतः तुरुंगात वारले.