चौघींच्या बोटीतलं मेडल फुकटचं? बिर्गिट फिशरबद्दल एकदाच बोलू या!

नमस्कार मंडळी! जर्मनीच्या बिर्गिट फिशरवर बोला, बोला म्हणून मागे लागला होतात ना? घ्या. आकडे पटकन उरकते. जन्म 1962, गाव ब्रांडेनबुर्ग, म्हणजे तेव्हाचा पूर्व जर्मनी. खेळ कयाक स्प्रिंट, म्हणजे अरुंद बोटीत बसून, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने मारायची सरळ रेषेतली शर्यत. सहा ऑलिंपिक, आठ सुवर्ण, चार रौप्य. पहिलं सुवर्ण 1980 ला मॉस्कोत, वय 18. शेवटचं 2004 ला अथेन्समध्ये, वय 42. झालं.

आता मुद्द्यावर येते. दर वेळी कुणीतरी लिहितंच, "ताई, त्यातली निम्मी मेडलं ग्रुपची आहेत. चौघी वल्हवतात, ही नुसती बसून असेल!"

बसून असेल?

अहो, 1980 ला ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी चौघींची शर्यत नव्हतीच! ती 1984 ला आली, आणि त्या लॉस एंजेलिसवर पूर्व जर्मनीने बहिष्कार टाकला. म्हणजे ऐन 22 व्या वर्षी ही घरी. मॉस्कोतलं सुवर्ण एकटीचं, 500 मीटर. 1992 ला बार्सिलोनात पुन्हा एकटीचं. मधे 1988 ला सोलमध्ये एकटीचं रौप्य. तिथल्या निकालात नाव बिर्गिट श्मिट दिसेल, लग्नानंतरचं. "ही दुसरीच कुणीतरी" म्हणून भांडू नका, तेही झालंय कमेंट्समध्ये.

आणि मुळात चौघींची बोट सोपी कुणी सांगितली? मी आणि माझा आत्तेभाऊ तारकर्लीला दोघांच्या कयाकमध्ये बसलो होतो. प्लास्टिकची, रुंद, पर्यटकांसाठीची. वल्ह्यावर वल्हं आपटत होतं आणि प्रत्येक वेळी चूक त्याचीच होती, असं मी आजही म्हणते. इथे चौघी, कंबरेएवढी अरुंद बोट, मिनिटाला शंभरावर वल्ही. पुढची लय ठरवते, सुकाणूही तिच्याच पायाशी असतं. मागच्यांना पुढच्यांनी घुसळलेल्या पाण्यात वल्हं मारावं लागतं. एकीचं वल्हं किंचित उशिरा पडलं की बोट डुलते, वेग मरतो. ताकद असून उपयोग नाही. आणि ताकद दंडातली नसते बरं का. पाय रेटायचे, धड वळवायचं.

तरी पटत नसेल तर अथेन्स बघा. 2000 च्या सिडनीत दोन सुवर्णं घेऊन बाई निवृत्त झाल्या होत्या. परत आल्या. बोटीत माइके नोलेन, कात्रिन वाग्नर आणि कारोलिन लेओनहार्ट. कारोलिन 19 वर्षांची! बिर्गिटने मॉस्को जिंकलं तेव्हा ही जन्मलीही नव्हती. तिच्या लयीशी 42 व्या वर्षी आपली लय जुळवायची. हंगेरीला मागे टाकलं ते जेमतेम 0.2 सेकंदांनी. चौघींपैकी एक जरी "बसून" असती ना, तर रौप्यच होतं.

ऑलिंपिक कनूइंगमधली (कयाक आणि कनू अशा वल्ह्याच्या बोटींच्या शर्यती) सगळ्यात तरुण विजेती आणि सगळ्यात वयस्कर विजेती, दोन्ही हीच. मधली दोन बाळंतपणं मी मोजतच नाहीये. लंडन 2012 साठीही ती उठली होती, पण तब्येतीमुळे थांबावं लागलं.

आणि हो, "घराणेशाही आहे का?" असं विचारणारे दादा, 2008 ला बीजिंगमध्ये जर्मनीच्या चौघींनी सुवर्ण घेतलं, त्यात फॅनी फिशर होती. बिर्गिटची भाची. लिहा आता, मावशीने बसवलं म्हणून. नाही, थांबा, मावशी नाही, आत्या! फॅनीचे वडील बिर्गिटचे भाऊ, तेही कयाकवालेच.