गुपचूप येणारी दाढ

(शाळेचा व्हरांडा, सकाळ)

पर्वतीच्या पायथ्याशी महापालिकेची प्राथमिक शाळा. प्रार्थना नुकतीच संपलीय. व्हरांड्यात दोन बाकं जोडून वर चादर अंथरली आहे. ट्रेमध्ये छोटे गोल आरसे, शेजारी हातमोज्यांचा खोका. पहिलीचा वर्ग चपला काढून रांगेत बसलाय.

"आऽ कर बाळा. अजून मोठा."

(आरशातली दाढ, अगदी जवळून)

अगदी मागे बघा. दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, हिरडीतून नुकतीच वर आलेली ही दाढ. दुधाची नाही ही, कायमची. साधारण सहाव्या वर्षी येते आणि तिला जागा करून द्यायला एकही दात पडत नाही. म्हणून घरात पत्ताच लागत नाही. पुढचा दात हलायला लागला की घरभर कौतुक, पडला की छपरावर फेकायची घाई. ही मात्र गुपचूप येते. वर दोन, खाली दोन. या चार दाढांवर पोराला आयुष्यभर जेवायचं आहे.

आता तिचा माथा बघा. या बारीक, खोल चिरा. ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत, बिस्किटाचा लगदा मात्र पोचतो. तोंडातले जिवाणू त्यातली साखर खातात, आम्ल सोडतात आणि आम्लाने दातावरचं इनॅमल विरघळू लागतं. आधी खडूसारखा पांढरा डाग पडतो. तो लाळेने आणि फ्लोराइडने भरून येऊ शकतो. पुढे खड्डा पडला, की तो आपोआप कधीच बुजत नाही. आपण म्हणतो दात किडला, पण आत किडा वगैरे काही नसतो.

(शाळेचं फाटक, गोळ्यांच्या बरण्या)

मधली सुट्टी. एक गोळी आता, एक घरी जाताना, संध्याकाळी चहा-बिस्किट. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, यावर जास्त ठरतं. दर वेळी आम्ल नव्याने तयार होतं आणि लाळेला सावरायला सवडच मिळत नाही.

"दुधाचेच आहेत, पडतील की," असं पालक सहज म्हणून जातात. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पहिलीतल्या मुलाची दाढ आज दुखत असेल, तर त्याने पाचवीपर्यंत कशाने चावायचं? जेवण सुटतं, झोप मोडते, शाळा बुडते.

(अंगणात उभी दवाखान्याची गाडी)

गाडीत चिरा बुजवण्याचं काम चाललंय. सुई नाही, घरघर नाही. दाढ स्वच्छ करून कोरडी करायची, पातळ लेप सोडायचा आणि निळा प्रकाश धरायचा. काही सेकंदांत लेप घट्ट. चष्मा लावलेली ही मुलगी हात घट्ट धरून पडलीय. झालंसुद्धा.

(रात्र, वस्तीतलं घर)

जेवणं उरकलीत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश आईच्या हातात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना एकट्याने नीट घासता येत नाही.

मोबाइलचा टॉर्च लागतो.

"आऽ कर. मागची दाखव."