जुम्म्याची सफ

दुपारचा एक वाजत आलाय. शुक्रवार. कोल्हापुरात हा अंबाबाईचा वार. महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नाही आणि रात्री देवीची पालखी निघेल. याच गावात, पेठेतल्या एका मशिदीच्या जिन्यावर चपलांचा ढीग वाढत चाललाय. आज जुम्मा आहे, शुक्रवारच्या दुपारच्या सामूहिक नमाजेचा दिवस.

बाहेरून पाहिली तर ही मशीद शेजारच्या इमारतींसारखीच. सिमेंटचे खांब, ग्रिल, गच्चीवर पाण्याची टाकी. पेठेत जागा आडवी मिळत नाही, म्हणून मजले चढले.

तळाला वजूचे, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्याचे नळ. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा, शेवटी पाय. गॅरेजमधून आलेला पोरगा बोटांवरचं ग्रीस घासत बसलाय. कातडीला पाणी लागलं नाही तर वजू होत नाही.

रोजच्या पाच नमाजा दुकानात, घरात एकट्यानं अदा करता येतात. जुम्म्याला मात्र जमात लागते, म्हणजे इमामामागं एकत्र उभी राहणारी माणसं. आधी अरबीतला खुत्बा, म्हणजे प्रवचन, मग दोन रकात, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचे नमाजेचे दोन फेरे. चुकलेला माणूस जोहरच्या, म्हणजे रोजच्या दुपारच्या नमाजेच्या, चार रकात पढतो.

"सरक की भावा जरा." गालिच्यावरच्या रेघेला टाच, खांद्याला खांदा. ही सफ, नमाजेची रांग. इथं कुणाची जागा राखीव नसते. आधी आला तो पुढं. तोंड पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं झुकून, मक्केतल्या काब्याच्या दिशेनं.

वरच्या मजल्यावर इमामसाहेब दिसत नाहीत, स्पीकरवर फक्त आवाज येतो. लाईट गेली तर? मग सफेतला एक जण तकबीर, म्हणजे इमामांची 'अल्लाहु अकबर'ची हाक, मोठ्यानं पुढं पोचवतो. त्याला मुकब्बिर म्हणतात. स्पीकर नव्हते तेव्हापासूनची ही रीत, आणि तीन मजले त्या एका गळ्यावर एकदम झुकतात.

बायकांसाठी इथं वेगळी जागा नाही. मजले चढवताना तो विचार व्हायला हवा होता, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ईदला तर हे मजलेही पुरत नाहीत. मग सफा पडतात दसरा चौकात, मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर. मुसलमान पोरांनी शिकावं म्हणून 1906 साली शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, तिचं हे बोर्डिंग. कुराण मराठीत यावं म्हणूनही महाराजांनीच पुढाकार घेतला होता.

नमाज संपते. दुआ होते. गळाभेटी घेत माणसं फाटकातून चौकात येतात. समोर महाराजांचा पुतळा. शिरखुर्म्याला कुणाच्या घरी आधी जायचं, यावर पोरांची घासाघीस सुरू झालेली असते.