दिवसातून एकदा की दोनदा?

श्रोतेहो, नमस्कार. "शेजारच्या काकू इन्शुलिनची एकच सुई घेतात आणि मला दोन. माझी शुगर जास्त बिघडलीय का?" असं पेशंट घाबरत विचारतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. सुया किती, हे बरंचसं त्या इन्शुलिनचा असर किती तास टिकतो यावर ठरतं.

आपण जेवलो नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं, अगदी झोपेतसुद्धा. तिला आवर घालायला लांब असराचं इन्शुलिन लागतं. 1922 साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं, तेव्हा त्याचा असर काही तासांत उतरायचा, म्हणून दिवसभर टोचावं लागे. डेन्मार्कच्या हॅगेडॉर्न यांनी 1936 मध्ये त्यात माशांपासून मिळणारं प्रोटामिन मिसळलं आणि ते सावकाश शोषलं जाऊ लागलं. त्याच वाटेने पुढे एनपीएच आलं. दुधासारखं गढूळ दिसणारं हे स्वस्त इन्शुलिन आजही वापरात आहे. पण त्याचा असर मध्येच चढतो आणि साधारण बारा ते अठरा तासांत ओसरतो. म्हणून ते अनेकांना सकाळ-रात्र घ्यावं लागतं. रात्रीच्या डोसनंतर पहाटे दोन-तीनला घाम फुटून जाग येत असेल, तर शुगर खाली गेलेली असू शकते; तेव्हाची शुगर तपासा आणि डॉक्टरांना सांगा.

ग्लार्जिन हे लांब असराचं इन्शुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळतात. असर सुमारे चोवीस तास, म्हणून रोज एकदा, ठरलेल्या वेळी. काहींना, विशेषतः टाइप 1 मधुमेह असणाऱ्यांना (ज्यांचं शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही), ते तेवढं पुरत नाही. मग डॉक्टर डोस दोनदा विभागून देतात. डेग्लुडेक हे आणखी एक इन्शुलिन बेचाळीस तासांहून जास्त टिकतं, तरी घ्यायचं रोजच. एखाद्या दिवशी वेळ चुकली तर ते सांभाळून घेतं. फक्त दोन डोसांत निदान आठ तास हवेत. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या आयकोडेकला युरोपीय संघाने 2024 मध्ये परवानगी दिली. सोय मोठीच, पण डोस जास्त गेला तर तो निस्तरायलाही अनेक दिवस लागतात!

आता एकादशी. "पोटात काही नाही, मग सुई कशाला?" म्हणून लांब असराचं इन्शुलिन परस्पर बंद करू नका. टाइप 1 असेल तर त्याने जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा का, हे उपवासाच्या आधीच विचारून ठेवा. (साबुदाण्याच्या खिचडीला शुगर उपवास मानत नाही, ते वेगळंच.) मात्र 30/70 सारखं मिश्र इन्शुलिन (लवकर आणि सावकाश असर करणारं एकत्र केलेलं) जेवणाशी बांधलेलं असतं. ते घेऊन उपाशी राहिलात तर शुगर धाडकन खाली येईल. तेव्हा खोक्यावरचं नाव वाचा, नाहीतर खोकंच डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि कालचा डोस राहिला म्हणून आज दोन्ही एकदम टोचू नका. फोन करून विचारा.