पावसाळी घाटात कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ लागला की माळशेज, ताम्हिणी, आंबोलीला कॅमेरे बाहेर पडतात. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘वेदर सील्ड’ लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ एवढाच, की सांध्यांवर रबराच्या पट्ट्या आहेत. त्या शिंतोडे अडवतात, मुसळधार पाऊस नाही. लेन्सची मागची धातूची कडा एकदा बघा. तिथे बारीक रबरी कडं नसेल, तर लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते तिथूनच पाणी आत जाणार.

महागडं रेनकव्हर नसलं तरी अडत नाही. जाड पारदर्शक पिशवी घ्या. तळाला लेन्स-हूडपेक्षा, म्हणजे लेन्सच्या पुढच्या टोकाला लावतात त्या कड्यापेक्षा, थोडं लहान भोक पाडा, हूड त्यातून बाहेर काढा आणि त्यावर रबरबँड घट्ट बसवा. पिशवीचं तोंड खाली मोकळं ठेवा, हात तिथूनच आत जातो. पूर्ण बंद केलीत तर हाताच्या घामाचीच वाफ आत कोंडते. नाणेघाटाची गोष्ट वेगळी. तिथे वारा दरीतून वर येतो, धबधबाच उलटा उडवतो. म्हणून तिथे पिशवीच्या तोंडाला कपड्यांचे दोन चिमटे लावा, हातापुरती फट ठेवून.

झूम लेन्स पुढे सरकते तेव्हा तिच्या नळीवर थेंब बसतात. तशीच मागे घेतलीत, तर ते पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने आत ओढलंत. आधी नळी टिपा, मग मागे घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. सुती पंचाचे तीन-चार तुकडे कॅमेऱ्याच्या अंगासाठी आणि मायक्रोफायबरचं एक कापड फक्त काचेसाठी, तेही झिपच्या पिशवीत. पावसात लेन्स बदलू नका.

कोकणात समुद्रकाठी त्रास मिठाचा. सुकलेले मिठाचे कण कोरड्या कापडाने घासले की चरे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड आधी फिरवा, मग कोरडं. मुक्काम एसी खोलीत असेल तर थंड कॅमेरा दमट हवेत नेताच काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा खोलीतच झिपच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड बंद करा आणि बाहेर नेल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. बाष्प पिशवीवर बसेल.

पाणी आत गेलंच तर बटण दाबून ‘चालतोय का’ बघण्याचा मोह आवरा. बॅटरी काढा. बाहेरचं पाणी टिपा, मगच झाकणं उघडून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, गरम हवेने आतलं वंगण पातळ होतं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. त्याची भुकटीच फटींत शिरते.

खरा घात घरी होतो. ओली बॅग कपाटात जाते, आत लेन्स, अंधार, दमट हवा. बुरशीला आणखी काय हवं? घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे ओल शोषणारे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ६० च्या वर बुरशीचं फावतं, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. जेलचे केशरी दाणे हिरवट झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या कढईत, मंद आचेवर, पुन्हा केशरी होईपर्यंत परता आणि थंड झाल्यावरच डब्यात टाका.

महिन्यातून एकदा लेन्समधून टॉर्चचा झोत सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. वरून काच पुसून उपयोग नाही, धागे आतल्या बाजूला असतात.