खिचडी करपली त्याच्या दुसऱ्या दिवशी

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मी दादरची. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले, आणि तुमच्या अध्यक्षबाईंनी "तुम्ही मुंबईत मुलांची शिबिरं घेता ना, मग चार शब्द बोला" म्हणून पकडलं. चार शब्दांत मला आवरत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

मे महिन्यात आमच्याकडे पेपर उघडला की पत्रकं पडतात. व्यक्तिमत्त्व विकास, वक्तृत्व, नेतृत्व, सगळं पाच दिवसांत. शिवाय प्रमाणपत्र आणि अल्पोपाहार. त्यातला अल्पोपाहार तेवढा खात्रीचा.

मी सांगते ते राजमाची किल्ल्यावरच्या आमच्या शिबिराचं. पहाटेच्या लोकलने कर्जत, तिथून कोंडाणे लेण्यांवरून वर किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात. गट आठ-आठ जणांचे. प्रत्येक गटाला तांदूळ, मूगडाळ, कांदे-बटाटे, तेल, मीठ मोजून द्यायचं. चूल मांडायची ती मुलांनीच. एका गटाचा प्रमुख पार्ल्याचा, पंधरा वर्षांचा, वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेला. हुकूम फर्डे सोडत होता. संध्याकाळी खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. हा जाळ घालणाऱ्या मुलीवर ओरडला, "तुला साधी चूल सांभाळता येत नाही?" ती उठून गेली. बाकीच्यांनी मधला थर खाल्ला आणि न बोलता झोपले. माझ्या सॅकमध्ये चिवड्याचे दोन पुडे होते. हात दोनदा तिकडे गेला. शिबिरात मोठ्या माणसांना सर्वांत अवघड काम कुठलं, तर हे. डोंगर चढणं त्यापुढे काही नाही.

आमचा नियम रोज नवा प्रमुख असा होता. सकाळी यादीत दुसऱ्या मुलाचं नाव होतं. आमच्यातल्या एका जुन्या शिक्षकांनी ते खोडलं आणि म्हणाले, "आजही हाच." पोराचा चेहरा उतरला. त्याला सुटका हवी होती. दुपारपर्यंत तो त्या मुलीच्या आसपास घुटमळला, मग म्हणाला, "जाळ किती ठेवायचा ते तूच सांग." माफी वगैरे काही मागितली नाही. त्या रात्रीची खिचडी पातळ झाली, पण शिजली होती. वाढायच्या आधी त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि मग माणसं मोजली. आदल्या दिवशी मोजली नव्हती.

तेव्हापासून आम्ही प्रमुख दोन दिवस ठेवतो. पाच दिवसांत गटातल्या दोघांचीच पाळी येते. पालक तक्रार करतात, "आमच्या मुलाला चान्सच मिळाला नाही." खरं आहे. पण एका दिवसाच्या प्रमुखपणात मूल फक्त चुकतं. आपल्याच चुकीशेजारी झोपून सकाळी त्याच माणसांसमोर उभं राहण्यासाठी दुसरा दिवस लागतो.

ही काही माझी अक्कल नाही. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांची आणि कामगारांच्या घरची एकत्र. चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीची जबाबदारी एका मुलावर टाकली, ती पूर्ण मुक्कामभर. तुमच्या अमेरिकेत त्याही आधी, १८६१ मध्ये, कनेटिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन शाळेतल्या मुलांना घेऊन समुद्रकाठापर्यंत चालत गेले आणि तिथे तंबू ठोकून राहिले. आमच्या वडिलांच्या पिढीत याला कॅम्प म्हणत नसत, शिबिर म्हणत. राष्ट्र सेवा दलाचं शिबिर, चंद्रपूरकडच्या सोमनाथची बाबा आमट्यांची श्रमाची छावणी. तिथे प्रमाणपत्राऐवजी हाताला घट्टे मिळत.

मुंबईत आमची एक अडचण आहे, ती तुम्हाला नाही. नववी संपली की मुलं एप्रिलमध्येच दहावीच्या व्हेकेशन बॅचला बसतात. म्हणजे ज्या वयात खांद्यावर काही टाकावं, नेमकी त्याच वयाची मुलं आमच्या हातून सुटतात. तुमच्याकडे ती पंधरा-सोळाव्या वर्षी 'काउन्सेलर इन ट्रेनिंग', म्हणजे लहान मुलांना सांभाळायला शिकणारे ताई-दादा म्हणून कॅम्पला परततात आणि आठ वर्षांच्या रडणाऱ्या पोराला रात्री झोपवतात. मला याचा हेवा वाटतो. आईची आठवण येणाऱ्या मुलापुढे वक्तृत्व काही कामाला येत नाही.

पण इथे आल्यापासून एक पाहतेय. कॅम्पमध्ये असं वागणारी हीच मुलं मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावतात आणि मग फोन घेऊन कोपऱ्यात बसतात, कारण बाकी सगळं कार्यकारिणीने आधीच ठरवलेलं असतं. तर माझी एक मागणी. यंदाच्या गणपतीत पंगत चौदा ते सतरा वयाच्या मुलांकडे द्या. हिशेब, सामान, वाढप, भांडी, सगळं. आणि दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी भात कमी पडेल, कुणाच्या तरी सासूबाई उपाशी राहतील. तेव्हा आत धावायचं नाही. कार्यकारिणीने तोवर बाहेर पार्किंग सांभाळावं.