बोटाखालचा जुलै

[दृश्य: कॉम्प्युटरच्या पडद्यावर सांताक्रूझच्या सरासरी पावसाचा स्तंभालेख. स्क्रीन रीडरचा, म्हणजे अंध व्यक्तींसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामचा, आवाज: "ग्राफिक."]

ऐकलंत? "ग्राफिक." झालं. मुंबईचा वर्षभराचा पाऊस एका शब्दात उरकला.

स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो, चित्रातल्या रेघा नाही. चित्राला कुणी वर्णन जोडलं असेल, तर तेवढं वाचतो. आणि जोडणारेही लिहितात काय, तर "पावसाचा आलेख". अहो, पण त्यात आहे काय? लिहायला हवं ते असं: "जूनमध्ये 500 मिलिमीटरच्या वर, जुलैत 800च्याही वर, ऑगस्टपासून उतार, जानेवारी ते एप्रिल जवळजवळ कोरडे." खाली आकड्यांचा तक्ता. ज्याला ऑक्टोबर हवाय, तो ऑक्टोबर शोधेल.

[ध्वनी: चढत जाऊन उतरणारा सूर]

हाही तोच आलेख. पाऊस वाढला की सूर चढतो. 2021 साली आयफोनमध्ये अशी सोय आली. पोर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी गेली, त्यानंतर त्या खगोलशास्त्राची निरीक्षणं अशीच ऐकू लागल्या.

[दृश्य: काळ्या रेघांचा कागद हीटरमधून सरकतो.]

हा फुगणारा कागद. काळी शाई उष्णता जास्त शोषते, तेवढ्याच जागी कागदावरचा थर फुगतो. पापडाला फोड यावेत तशी रेघ वर येते.

पण पुस्तकातला आलेख जसाच्या तसा उठवला, की फसलंच. डोळ्याला आधी अख्खं चित्र दिसतं. बोटाला आधी एक कोपरा लागतो, मग दुसरा. मागची फिकट जाळी डोळा सोडून देतो; बोटाला तीही स्तंभाइतकीच ठळक. म्हणून जाळी काढायची, स्तंभांत मोकळी जागा सोडायची. ब्रेलचे ठिपके बारीक करता येत नाहीत, त्यामुळे "सप्टेंबर" स्तंभाखाली मावत नाही. आद्याक्षरं लिहावीत, तर जानेवारी, जून, जुलै, तिघांचाही ज! शेवटी सरळ 1 ते 12 आकडे.

[दृश्य: एका विद्यार्थिनीचा हात. बोट सातव्या स्तंभावरून वर जातं, कागदाच्या कडेजवळ थांबतं.]

ती विचारते, "26 जुलैला किती पडला होता?"

2005 सालचा तो दिवस. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर.

तिचं बोट जुलैच्या टोकावरून आणखी वर सरकतं, कागदाच्या कडेपर्यंत.

"एका दिवसात?"